पाठीवर ६३०९, पोटात ७००९

‘सिको फाइव्ह ऑटोमॅटिक, १९६९ सालचं, दुबईहून आणलेलं, ओरिजिनल कंपनी डायल, नुकतंच सर्व्हिस केलंय, चावी दिली की मस्त चालतं.’ मोबाइलवरची एका जुन्या जपानी घड्याळाची ही जाहिरात वाचून परभणीच्या एका शिक्षकांनी ३,२०० रुपये आगाऊ पाठवले. घड्याळ आलं तेव्हा दिसायला देखणं होतं: मोरपंखी निळी डायल, पांढरे रोमन आकडे, आरशासारखी चकचकीत केस, म्हणजे बाहेरची धातूची पेटी. पंधरा दिवसांत ते तासाला चार-चार मिनिटं पुढे पळायला लागलं. शेवटी छत्रपती संभाजीनगरात शहागंजच्या घड्याळाजवळ एका जुन्या कारागिरानं त्याचं मागचं झाकण काढलं. जाहिरातीतलं ‘सिको’ आणि ‘ऑटोमॅटिक’ एवढंच खरं निघालं.

मजा अशी की त्या घड्याळात नकली म्हणावा असा भाग जवळजवळ नव्हता. मशीन सिकोचं, केस सिकोची, झाकण सिकोचं. पण ही तिन्ही तीन वेगवेगळ्या घड्याळांतून आलेली. म्हणूनच ही फसवणूक पटकन ध्यानात येत नाही. दुकानात एखाद्याला दाखवलं तर तोही भिंग लावून म्हणतो, ‘माल तर कंपनीचाच आहे.’

सालापासून सुरुवात करू, कारण ते घरबसल्या तपासता येतं. सिकोच्या झाकणावर दोन क्रमांक असतात. पहिला मॉडेलचा, उदाहरणार्थ ७००९-८७६ए. त्यातले आधीचे चार आकडे म्हणजे आतल्या मशीनचा क्रमांक, नंतरचे केसचे. दुसरा असतो सहा आकडी अनुक्रमांक. त्यातला पहिला आकडा वर्षाचा शेवटचा अंक आणि दुसरा महिना. ऑक्टोबर, नोव्हेंबर, डिसेंबरसाठी शून्य किंवा ओ, एन आणि डी. ‘८२’नं सुरू होणारा क्रमांक म्हणजे आठनं संपणाऱ्या सालचा फेब्रुवारी. आता आठ म्हणजे १९६८, १९७८ की १९८८, हे मशीन कधी निघत होतं त्यावरून ठरतं. या घड्याळाच्या झाकणावर ६३०९ होतं आणि ६३०९ हे मशीन बाजारात आलं १९७६ साली. म्हणजे १९६९चा दावा झाकणच खोटा ठरवत होतं, तेही पैसे पाठवण्याआधी. जाहिरातीत झाकणाचा फोटो होता. तो मोठा करून बघितला नाही, एवढंच.

‘चावी दिली की चालतं’ हा दावाही ऐकताक्षणीच खटकायला हवा होता. ६११९, ६३०९, ७००९ या मशीनांना चावी देता येत नाही. ती फक्त हात हलला की रोटरनं, म्हणजे आत गोल फिरणाऱ्या वजनानं, भरतात. मुकुट, म्हणजे बाजूची गुंडी, फिरवला तर काही घडत नाही, आणि मुकुट ओढला तरी सेकंद काटा थांबत नाही. हे बिघाड नव्हेत, मशीनची ठेवणच तशी आहे. विक्रेता चावीची गोष्ट करत असेल तर एक तर त्याला घड्याळातलं काही कळत नाही, नाहीतर आत दुसरंच मशीन आहे.

इथेही आत दुसरंच होतं. झाकण ६३०९चं आणि मशीनवर कोरलेलं ७००९ए. दोन्ही सतरा ज्वेलची, म्हणजे झीज रोखणाऱ्या सतरा खड्यांची, दोन्हींना वार-तारीख, म्हणून वरून फरक कळत नाही. केसच्या आतल्या कडेला मशीन घट्ट बसवणारी जी कडी असते ती गायब होती. तिच्या जागी वहीच्या कागदाची घडी. मशीन केसमध्ये हलत होतं, त्यामुळे मुकुटाचा दांडा वाकडा दाबला जात होता. असं काही महिने चाललं की दांडा झिजतो नाहीतर तुटतो. झाकणाखालचं रबरही नव्हतं. मराठवाड्यात हे रबर नसणं म्हणजे घड्याळाला उघड्यावर ठेवण्यासारखंच. मार्च ते जून फुफाटा आत जातो, घामाची वाफ आत जाते, आणि झाकणाच्या आतल्या बाजूला तांबूस डाग पडायला लागतात. ‘वॉटर रेझिस्ट’ हे शब्द रबरासाठी लिहिलेले असतात, रबर गेलं की त्यांना अर्थ उरत नाही.

खरी कलाकारी डायलवर झालेली असते. जुनी, उडालेली डायल खरवडून तिच्यावर नवा रंग मारतात आणि अक्षरं पुन्हा छापतात. निळा, केशरी, पोपटी, हवा तो रंग. जुन्या सिको फाइव्हच्या कित्येक डायलींवर ‘सिको’ हे नाव आणि पाचाचा आकडा असलेली ढाल धातूची, वेगळी बसवलेली असते, आणि पृष्ठभागाला मधून बाहेर जाणारी किरणांसारखी चमक असते. रंगवलेल्या डायलवर ही चमक जाते आणि तिथे नुसतं गुळगुळीत तेलरंगासारखं दिसतं. दहापट भिंगाखाली छापील अक्षरांच्या कडा पसरलेल्या दिसतात, ‘ज्वेल्स’मधली अक्षरं कमी-जास्त उंचीची. आणि सगळ्यात महत्त्वाचं: सहाच्या खाली, अगदी कडेला, बारीक अक्षरांत डायलचा क्रमांक छापलेला असतो. त्याचीही सुरुवात मशीनच्या चार आकड्यांनी होते. पुन्हा रंगवणारे तो बहुतेक वेळा गाळतातच, कारण तेवढं बारीक त्यांच्या छपाईत उतरत नाही. या निळ्या डायलवर तो नव्हताच. डायल सोडवली तर मागचे दोन पायही कापलेले. त्याच पायांवर डायल मशीनमध्ये बसते. मॉडेल वेगळं असलं की पायांची जागा जुळत नाही, मग ते कापून दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप लावतात. उन्हाळ्यात डिंक सुटतो, डायल थोडी फिरते आणि तारीख खिडकीच्या कोपऱ्यात अडकल्यासारखी दिसते.

दुबईच्या गोष्टीचं तर हसूच आलं. आखातात गेलेल्या नातेवाइकांनी आणलेली सिको फाइव्ह मराठवाड्यात खरोखर पुष्कळ आहेत, नांदेड-संभाजीनगरच्या घरांतून ती आजही निघतात, आणि त्यांतल्या अनेकांच्या वारांच्या चकतीवर इंग्रजीबरोबर अरबी असतं. या घड्याळाची चकती फिरवली तर इंग्रजीबरोबर स्पॅनिश निघालं. एवढ्यावरून काही सिद्ध होत नाही. पण घड्याळ आणि त्याची गोष्ट एकमेकांना ओळखत नाहीत, हे कळतं.

‘सर्व्हिस केलेलं’चा अर्थ बऱ्याच ठिकाणी असा असतो: अख्खं मशीन न खोलता पेट्रोलमध्ये बुडवायचं, झटकायचं, वरून तेल सोडायचं. दोन दिवस घड्याळ मस्त चालतं, फोटोपुरतं तेवढं पुरतं. मग तेल पसरत हेअरस्प्रिंगवर, म्हणजे वेळ राखणाऱ्या केसासारख्या बारीक स्प्रिंगवर, येतं, तिचे वेढे एकमेकांना चिकटतात, स्प्रिंगची लांबी जणू कमी होते आणि तिच्यावर मागेपुढे झुलणारं चाक, म्हणजे बॅलन्स, भराभर हलायला लागतो. घड्याळ मागे पडत नाही, पुढे पळतं, आणि तेही मिनिटांनी. चुंबक लागलं तरी असंच होतं. स्पीकरशेजारी किंवा पर्सच्या लोहचुंबकी बटणाजवळ ठेवलं तरी पुरतं. म्हणून आधी घड्याळ होकायंत्राजवळ न्यावं. सुई थरथरली तर चुंबक उतरवून घ्यावं, ते दोन मिनिटांचं काम आहे. नाही थरथरली तर मशीन खोलून धुणं आलं. इथे सुई स्थिर होती.

रोटरही बघून घ्यावा. सिकोनं १९५९मध्ये आणलेल्या ‘मॅजिक लिव्हर’ला दोन नख्या असतात. एक चाक ढकलते, दुसरी ओढते, त्यामुळे रोटर कुठल्याही दिशेनं फिरला तरी घड्याळ भरतं. एका दिशेला नुसताच गरगर फिरत असेल तर नखी झिजली किंवा तुटली. सिटीझनच्या ८२०० मशीनला मात्र हा नियम लावू नये. ते एकाच दिशेनं भरतं आणि उलट फिरताना रोटर घरघरतो, त्यात काही बिघडलेलं नाही. त्याला चावीही देता येते. दिवसभर हातात घातलेलं घड्याळ रात्री टेबलावर ठेवलं आणि सकाळी बंद पडलेलं मिळालं, तर भरण्यातच खोट आहे असं समजावं.

केसची पॉलिशही बोलते. बऱ्याच मूळ केसच्या वरच्या बाजूला ब्रशच्या बारीक रेषा असतात आणि पट्टा बसतो त्या टोकांच्या कडा धारदार असतात. सगळंच आरशासारखं चमकत असेल आणि कडा साबणाच्या वडीसारख्या गोल झाल्या असतील, तर धातू घासून गेला आहे. तो परत येत नाही.

एचएमटीच्या जुन्या घड्याळांतही हेच चालतं. १९६१मध्ये सिटीझनच्या मदतीनं सुरू झालेल्या त्या कारखान्याची ‘जनता’ आज लाल, हिरव्या, गुलाबी डायलींत विकायला असते. ‘जनता’ चावीचं घड्याळ आहे, तिथे चावीची तक्रार करू नये. रंगाची करावी.

पैसे पाठवण्याआधी चार फोटो मागावेत: झाकण बाहेरून, झाकण आतून, मशीन उघडं, आणि डायलचा सहाच्या खालचा भाग अगदी जवळून. शिवाय एक मिनिटाचा व्हिडिओ, ज्यात सेकंद काटा फिरतोय आणि शेजारी त्या दिवशीचं वर्तमानपत्र आहे. ‘झाकण उघडता येत नाही साहेब, वॉटरप्रूफ जाईल’ असं उत्तर आलं तर तिथेच थांबावं. रबर ठीक असेल तर झाकण उघडून पुन्हा बंद केल्यानं काही जात नाही. पार्सल फोडतानाचा अखंड व्हिडिओ घ्यावा, पाकिटावरच्या पत्त्यापासून.

फसलातच तर उशीर करू नये. पैसे ऑनलाइन गेले असतील तर १९३० या सायबर हेल्पलाइनवर जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम गोठवली जाण्याची आशा जास्त. विक्रेता व्यापारी असेल तर ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात करता येते, म्हणजे परभणीच्या माणसाला विक्रेत्याच्या गावी खेटे घालावे लागत नाहीत. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, मुदत दोन वर्षांची. एकदाच आपलं जुनं घड्याळ विकणाऱ्या खाजगी माणसाविरुद्ध मात्र हा रस्ता सहसा चालत नाही.

परभणीच्या त्या घड्याळाचा विक्रेता फोन उचलत नाही. मशीन धुऊन, कडी आणि रबर बसवून ते आता दिवसाला वीसेक सेकंद पुढे जातं, इतक्या जुन्या ७००९कडून याहून जास्त मागू नये. जोडलेलं घड्याळ म्हणून त्याची किंमत हजाराच्या वर जात नाही. वारांची चकती बदलण्यात पैसे घालायचे नाहीत असं ठरलं. त्यामुळे कधी सोमवारी खिडकीत स्पॅनिश वार दिसतो. तेव्हा मुकुट एक खटका बाहेर ओढून वार पुढे सरकवायचा, मात्र रात्री नऊ ते पहाटे चार या वेळात नाही, कारण तेव्हा तारखेचे दाते आधीच अडकलेले असतात.