टोपणनाव की स्वतःचं नाव?

कविता आणि कथा दोन्ही लिहिणाऱ्याने ऑनलाइन ओळख देताना कोणतं नाव लावावं? टोपणनावाची आपल्याकडे मोठी परंपरा आहे. कृष्णाजी केशव दामले केशवसुत झाले. वि. वा. शिरवाडकरांनी तर दोन्ही जपली: कवितेला बहीण कुसुमवरून घेतलेलं ‘कुसुमाग्रज’, नाटक-कादंबरीला स्वतःचं नाव. टोपणनावाआड पहिली प्रेमकविता घरच्यांच्या नजरेपासून दूर ठेवता येते, आणि सुरुवातीला हा आधार फार मोलाचा असतो.

तरी मी खऱ्या नावाच्या बाजूने. स्वतःच्या नावाने टाकलेली कविता वाचून शाळेतल्या बाईंनी मला ओळखून कळवलं, ‘वाचली गं, शेवटचं कडवं पुन्हा बघ.’ टोपणनाव असतं तर ते कडवं तसंच राहिलं असतं. परिचयात आता नाव, गाव आणि खाली आठ ओळींची एक कविता आहे. ‘नवोदित’ हा शब्द मी काढला.