निकोटिनचा पॅच आणि गम : काही महिन्यांच्या वापरानंतर

सिगारेट सोडण्यासाठी निकोटिनचा पॅच (त्वचेवर चिकटवायची पट्टी) आणि गम एकत्र वापरायला लागून बरेच महिने झाले असून माझे मत अनुकूल आहे. मात्र ते उपचारात बदल झाल्यानंतरचे आहे. सुरुवातीला केवळ २ मिलिग्रॅमचा गम होता. त्याने दुपारची तलफ भागत असे, सकाळची नाही. उठल्यावर अर्ध्या तासाच्या आत सिगारेट लागणाऱ्याला एवढी मात्रा सहसा पुरत नाही, असे सांगून परळच्या डॉक्टरांनी २१ मिलिग्रॅमचा पॅच आणि अचानक येणाऱ्या तलफेसाठी ४ मिलिग्रॅमचा गम दिला. महिन्याभरात सिगारेट सुटली.

आता मुंबईपुरती अडचण. दमट हवेत, लोकलच्या गर्दीत दंडावरच्या पॅचची कड घामाने सुटते. म्हणून आंघोळीनंतर अंग पूर्ण कोरडे करून तो पाठीच्या वरच्या भागावर लावून तळहाताने नीट दाबून धरावा लागतो, आणि जागा रोज बदलावी लागते, नाहीतर तिथे खाज सुटून लाल चौकोन उमटतो. रात्री भलतीच स्वप्ने पडू लागल्यावर डॉक्टरांनी झोपताना पॅच काढायला सांगितले. तेव्हापासून झोप शांत, पण सकाळी आधी गम.

गम नेहमीच्या च्युइंगमसारखा चघळायचा नसतो. चव झणझणली की तो गाल आणि हिरडीच्या मध्ये ठेवायचा, अन्यथा निकोटिन पोटात जाऊन उचक्या लागतात. चहानंतर पंधरा मिनिटे तो घ्यायचा नसतो, आणि कटिंग व सिगारेट ही माझी जुनी जोडी मोडायला हा नियमच सर्वाधिक कामी आला. महाराष्ट्रात २०२० पासून सुट्या सिगारेटच्या विक्रीवर बंदी असली तरी टपरीवर ती सहज मिळते, हे मात्र त्रासदायक.

ह्यूस्टनच्या एमडी अँडरसन कर्करोग केंद्राने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, व्हरेनिक्लिन या सिगारेट सोडवण्याच्या गोळीच्या नेहमीच्या मात्रेने सहा आठवड्यांत सिगारेट न सुटलेल्यांपैकी मात्रा वाढवलेल्यांत सुमारे २० टक्के, तर तीच मात्रा चालू ठेवलेल्यांत सुमारे ३ टक्के जणांची सिगारेट सुटली. माझे औषध वेगळे आहे. तरीही पहिल्या उपचाराने गुण आला नाही म्हणून माणसालाच निर्धाराच्या नावाने बोल लावण्याची आपल्याकडची रीत मला त्यामुळे अधिकच चुकीची वाटते.

सध्या मी १४ मिलिग्रॅमच्या पॅचवर असून पुढचा टप्पा ७ चा आहे. खर्च कमी नाही. हृदयविकार असल्यास किंवा गरोदरपणात डॉक्टरांना विचारल्याखेरीज मात्रा ठरवू नये. केवळ सल्ला हवा असल्यास १८००-११-२३५६ ही राष्ट्रीय मदतवाहिनी विनामूल्य आहे.