57,300 रुपयांचा कुलूपबंद डबा

हसायचं असेल तर आधीच हसून घ्या. मी लोकांची जीएसटी रिटर्न भरतो. समोर बसलेल्या प्रत्येक दुकानदाराला "पक्कं बिल घेत जा हो" म्हणून कानीकपाळी ओरडतो. आणि स्वतःच्या ऑफिसचं नेटवर्क कच्च्या चिठ्ठीवर करून घेतलं. 18 टक्क्यांचे 10,314 रुपये वाचवायला.

सांगलीत वर-खाली दोन मजल्यांचं ऑफिस, नऊ कॉम्प्युटर. नेटवर्क बसवणारा माणूस ओळखीचा, दोन अशिलांनी शिफारस केलेला. त्यामुळे मी अगदीच डोळे मिटून उडी मारली असं नाही. चिठ्ठी अशी: 24 पोर्टचा मॅनेज्ड गिगाबिट स्विच (सगळे कॉम्प्युटर तारेने एकमेकांना जोडणारा डबा; मॅनेज्ड म्हणजे सेटिंग बदलता येणारा, गिगाबिट म्हणजे 1000 एमबीपीएस वेगाचा) 18,500, राउटर 9,200, दोन ॲक्सेस पॉइंट (वायफाय पसरवणारे डबे) 12,800, कॅट सिक्स नेटवर्क केबलची पेटी 9,800, मजुरी 7,000. एकूण 57,300. त्यातले 40,000 यूपीआयने, 17,300 रोख. रोख का, ते विचारू नका.

स्विच भिंतीवरच्या काळ्या रॅकमध्ये बसवला आणि रॅकला कुलूप. "साहेब, पोरं हात लावतात, किल्ली माझ्याकडेच असू दे." काचेतून नुसते हिरवे दिवे लुकलुकायचे. ते बघून मला बरं वाटायचं, काय सांगू.

कळायला हवं होतं ते पहिल्याच आठवड्यात. टॅलीचा 8 जीबीचा बॅकअप खालच्या मशिनवरून वरच्या मशिनवर टाकत होतो. स्क्रीनवर आकडा: सेकंदाला 11.3 एमबी. ना वर ना खाली. जवळजवळ बारा मिनिटं गेली. त्याला फोन केला, तर म्हणाला, "तुमच्या इंटरनेटवाल्याची लाइन स्लो आहे, त्याला धरा." आणि मी धरलं! त्या बिचाऱ्याशी भांडलो, महिन्याला 400 रुपये जास्तीचा प्लॅन घेतला. अहो, एकाच इमारतीतल्या दोन मशिनमध्ये फाइल जाते तेव्हा इंटरनेटचा संबंधच येत नाही. ती स्विचमधून जाते. राउटर हे बाहेर पडायचं फाटक. स्वयंपाकघरातून माजघरात जायला फाटक कुणी ओलांडतं का? गिगाबिट असता तर काम सव्वा मिनिटाचं. 11-12 वर अडकलेला आकडा म्हणजे 100 एमबीपीएसची लाइन. एमबीपीएस म्हणजे सेकंदाला मेगाबिट, आणि आठ बिटांचा एक बाइट, म्हणून 100 ला 8 ने भागायचं. दिवसभर टक्केवारी काढणाऱ्या माणसाला एवढा भागाकार सुचू नये?

गणपतीत भाची आली, इंजिनिअरिंगला आहे. तिने स्क्रू ड्रायव्हरने रॅकचं दारच काढलं. "मामा, हा 10/100 चा, म्हणजे फार तर 100 एमबीपीएसचा साधा स्विच आहे. मॅनेज्ड नाहीच." पाठीमागे कुठल्यातरी जुन्या ऑफिसचं स्टिकर अर्धवट खरवडलेलं. अशिलांचं वायफाय वेगळं ठेवतो म्हणाला होता, पण ज्या स्विचला सेटिंगचं पानच नाही त्यात वेगळं काय ठेवणार? "नशीब हब नाही दिला," ती म्हणाली. हब आलेला माल सगळ्या पोर्टना वाटतो, स्विच मॅक पत्ता, म्हणजे प्रत्येक मशिनचा स्वतःचा नंबर, लक्षात ठेवून ज्याचा त्याला देतो. हे ऐकून समाधान मानायचं होतं बहुधा.

वरच्या मजल्यावरचे ॲक्सेस पॉइंट म्हणजे प्लगात खोचलेले रिपीटर. ॲक्सेस पॉइंटला केबल जाते. रिपीटर हवेतलाच सिग्नल उचलून पुढे फेकतो, स्वस्तातला असेल तर वेग निम्म्यावर. सहा महिने त्या भिंतीला एकही वायर नव्हती आणि मी त्याच भिंतीखाली बसून चहा पीत होतो. मग तिने केबलची तार ब्लेडने खरवडली. वर तांब्याचा मुलामा, आत पांढरं ॲल्युमिनियम. ॲल्युमिनियम तांब्यापेक्षा हलकं, म्हणून पेटी एका हाताने सहज उचलली जाते तेव्हाच शंका घ्या.

पोलीस ठाण्यात म्हणाले, हा दिवाणी मामला. 'कॉम्प्युटर' शब्द ऐकून सायबरकडे पाठवलं. तिथे विचारलं, "ऑनलाइन पैसे गेले का?" म्हटलं, यूपीआयने मीच दिले. "मग फसवणूक कसली?" पुन्हा ठाण्यात. साहेब बंदोबस्ताला. ग्राहक हेल्पलाइनला, 1915 ला फोन केला, तर पहिला प्रश्न: बिल आहे का? वकील म्हणतात, जिल्हा ग्राहक आयोगात 5 लाखांपर्यंत फी नाही, पण समोरचा 'व्यावसायिक वापर' म्हणून अडवणार. स्वयंरोजगाराला सूट आहे, पण तुमच्याकडे तीन माणसं पगारावर. म्हणजे मी ग्राहकसुद्धा नाही! माझ्या चार अर्ध्या दिवसांचे पैसे कुणी मोजायचे?

मॉडेल नंबर चिठ्ठीवर लिहून घ्या आणि डब्यावरच्या नंबराशी ताडा. पैसे द्यायच्या आधी कॉम्प्युटरच्या नेटवर्क सेटिंगमध्ये वेग बघा, 1000 दिसायला हवा. त्या नेटवर्कवाल्याकडे 17,300 चा विषय काढला तर म्हणतो, "कसले रोख, साहेब?"

रॅकला नवं कुलूप घातलंय. 240 रुपये. पक्कं बिल घेतलं.