ठेल्यावरच्या तीन की मापाची एक?

भाची विचारतेय: ठेल्यावरून शंभर-शंभरच्या तीन ब्रा घेऊ, की दुकानातून मापाने सहाशेची एकच?

खर्चात तीन जिंकतात, पण टिकण्यात नाही. हलकं इलॅस्टिक लवकर सैलावतं, मग पाठीचा पट्टा वर चढतो आणि भार खांद्यांवर येऊन वळ उठतात. खरा आधार छातीखालच्या पट्ट्याचा असतो. म्हणून नवी ब्रा सगळ्यात सैल हुकवरच नीट बसली पाहिजे. पुढे ताणली की आतले हुक आहेतच. मापात आकडा पट्ट्याचा, अक्षर कपाचं: ३४ बीचा पट्टा ढगळ वाटला तर ३२ सी घालून बघ, अक्षर बदललं तरी कप तेवढाच असतो. ठेल्यावर कुठे घालून बघणार?

धुण्याचा त्रास मात्र महागडीचा जास्त: हाताने, न पिळता.

छाती हलकी असेल, घरातच वापरायची असेल, तर सुती स्वस्तातली चालेल. छाती जड किंवा दिवसभर धावपळ असेल तर मापाचीच. जमलं तर दोन, आलटून-पालटून.