स्ट्रोकनंतर बाबांसाठी घेतलेला ब्रेन गेम, ५ पैकी ३ स्टार

बाबांना मेंदूच्या उजव्या बाजूला स्ट्रोक झाला, त्यामुळे डावीकडचं काही त्यांच्या लक्षातच येत नाही, डोळे चांगले आहेत पण मेंदू तिकडे बघतच नाही, ताटातलं डावीकडचं अर्धं तसंच आणि हे म्हणणार झालं माझं. ओटी मॅडमनी (ऑक्युपेशनल थेरपिस्ट, रोजची कामं पुन्हा शिकवणाऱ्या) टॅबवरचा एक गेम सुचवला, नाव देत नाही. स्क्रीनवर चित्रं विखुरलेली असतात, त्यातली सांगितलेली शोधायची.

चांगलं आधी सांगते. बरोबर आलं की गेम अवघड होतो, चुकलं की लगेच सोपा, त्यामुळे बाबा वैतागत नाहीत. कागदावरचे तेच व्यायाम त्यांनी दोन दिवसांत भिरकावले होते, हा मात्र स्वतःहून मागून घेतात.

पण पॉजचं बटण वरच्या डाव्या कोपऱ्यात! अहो ज्यांना डावीकडचं दिसत नाही त्यांच्यासाठीच बनवलाय ना? आणि दर वेळी फुगे उडवून शाब्बास शाब्बास, बाबा म्हणतात मी काय बालवाडीत आहे का.

महिनाभरात लेव्हल भराभर वाढली, आम्ही खूश, पण ताट तसंच. मॅडम म्हणाल्या ते गेममध्ये हुशार झाले, जेवणात नाही. मग त्यांनी टॅबच्या डाव्या कडेला लाल चिकटपट्टी लावली, आधी लाल दिसू दे मगच शोधायला लागायचं, आणि तशीच पट्टी ताटाच्या डावीकडे टेबलावर. त्यानंतर फरक पडायला लागला, अजून रोज नाही पण पडतोय.

म्हणून जाहिरातींवर जाऊ नका. लुमोसिटी या ब्रेन गेमच्या अ‍ॅपने तर डिमेन्शियापासून (स्मृतिभ्रंशापासून) बचाव होतो असं पुराव्याशिवाय सांगितलं म्हणून २०१६ मध्ये अमेरिकेच्या एफटीसीने (ग्राहकांची फसवणूक रोखणारी सरकारी संस्था) त्यांना २० लाख डॉलर भरायला लावले होते. याउलट एंडेव्हर आरएक्स या गेमला २०२० मध्ये एफडीएची (अमेरिकेत औषधं-उपकरणांना मान्यता देणारी संस्था) परवानगी मिळाली, पण ती तेव्हा एडीएचडीच्या (लक्ष टिकत नाही असा त्रास) ८ ते १२ वयाच्या मुलांसाठी, डॉक्टरांच्या चिठ्ठीवर, बाकीच्या उपचारांच्या जोडीने, म्हणजे तिथेही नुसत्या गेमवर काम भागत नाही. थेरपिस्ट नसेल तर सबस्क्रिप्शनचे पैसे वाचवा असं माझं मत.

बटण उजवीकडे घ्या म्हणून सपोर्टला तीनदा मेल केला, उत्तर आलं टॅब रीस्टार्ट करून बघा.