मेलबर्नमध्ये जुनी फाल्कन घेताना मी कसा फसलो

आपली बरीच मुलं इकडे येतात आणि पहिली गाडी म्हणून स्वस्तातली जुनी फोर्ड फाल्कन बघतात, म्हणून हे लिहितोय. मीही तेच केलं. आई-बाबा सांगलीहून येणार होते, ऐसपैस गाडी हवी होती, २००१ ची एयू मॉडेलची फाल्कन २६०० डॉलरला मिळत होती, रोख पैसे दिले आणि तीन आठवड्यांत मोनॅश फ्रीवेच्या कडेला वाफा सोडत उभा राहिलो.

इंजिन वाईट नाही हे आधी सांगतो. ४ लिटर क्षमतेचं, पेट्रोलवर चालणारं, सहा सिलिंडर एका रांगेत, इथेच जिलाँगला बनलेलं, आणि याच इंजिनाच्या टॅक्सी इथे वर्षानुवर्षं पळाल्यात. टायमिंग चेन आहे त्यामुळे बेल्ट बदलायची भानगड नाही. पुढून ऑइल झिरपतं, ते चालतं. खरा घोळ हेड गॅस्केटचा, म्हणजे इंजिनाचा खालचा ब्लॉक आणि त्यावर बसणारं हेड यांच्या मधल्या पातळ पट्टीचा. ब्लॉक बिडाचा, हेड अ‍ॅल्युमिनियमचं, तापल्यावर दोन्ही सारखे फुगत नाहीत, त्यात सहा सिलिंडरचं लांबलचक हेड, मग सगळा ताण मधल्या गॅस्केटवर. कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारं रंगीत द्रव, वेळेवर बदललं तर गाडी मजेत चालते, पण कुणी वर्षानुवर्षं नुसतं नळाचं पाणी भरलं की हेड आतून गंजत खात जातं आणि गॅस्केट सुटते.

विकणाऱ्याला हे सगळं माहीत होतं. मी सकाळी गेलो तर बॉनेट आधीच गरम, म्हणे आत्ताच दूध आणायला गेलो होतो. थंड इंजिन कसं स्टार्ट होतं, सुरुवातीला पांढरा धूर येतो का, हे मला दिसूच दिलं नाही त्याने. इंजिन धुऊन चकाचक. हीटर लावला तर गार वारा, तर म्हणाला नॉब बिघडलाय, वीस डॉलरचं काम. आणि वर रोडवर्दी सर्टिफिकेट हातात ठेवलं, तिथे मी निर्धास्त झालो. ते सर्टिफिकेट ब्रेक, टायर, स्टिअरिंग, लाइट, गंज असलं बघतं, इंजिन किती दिवस टिकेल याच्याशी त्याचा संबंध नाही. दोन डॉलरचं पीपीएसआर चेकही, म्हणजे सरकारी नोंदवहीतली तपासणी, मी केलं होतं, पण त्यात गाडीवरचं कर्ज, चोरी आणि अपघातात निकालात निघालेली गाडी एवढंच कळतं, इंजिनाचं काही नाही.

मेकॅनिकने गार झालेल्या रेडिएटरचं झाकण काढून आत बोट फिरवलं. तपकिरी चिखल, त्यात तांब्यासारखे चमकणारे कण. स्टॉप-लीक ओतलं होतं, गळती तात्पुरती बुजवायला, आणि त्यानेच हीटरच्या नळ्याही तुंबल्या होत्या. मग त्याने निळं पाणी भरलेली टेस्टरची नळी रेडिएटरच्या तोंडावर धरून इंजिन चालू केलं, बघता बघता निळ्याचं पिवळं झालं. म्हणजे सिलिंडरमधला गॅस कूलंटमध्ये येतोय. हेड काढून घासून परत बसवायचे १९०० सांगितले.

तेव्हा गाडी बघायला जायच्या आधीच फोनवर सांगा, इंजिन गार ठेव, मी आल्यावर स्टार्ट करू. झाकण गार असतानाच उघडा, गरम असताना अजिबात नको, भाजाल. कूलंट रंगीत आणि स्वच्छ पाहिजे. हीटर दहा मिनिटं चालवा. गाड्या तपासणारा स्वतंत्र मेकॅनिक पैसे देऊन बघायला न्या, कारण खाजगी व्यवहारात नंतर वॉरंटी नसते, आणि लायसन्सवाल्या डीलरकडेही दहा वर्षांवरच्या गाडीला कायद्याची वॉरंटी लागू होत नाही.

माझी गाडी भंगारवाल्याने ३०० ला नेली, आई-बाबांना ट्रेनने फिरवलं. परवा त्याच माणसाची नवी जाहिरात दिसली, या वेळी पांढरी फाल्कन, फोटोत मागे तोच हिरवा पत्र्याचा दरवाजा आणि पुढची जमीन ओली, नुकतंच इंजिन धुतल्यासारखी.