हार्डवेअर वॉलेट १४ महिने वापरल्यावर

हार्डवेअर वॉलेट म्हणजे बिटकॉइनची किल्ली सांभाळणारी छोटी डबी. कोणत्या कंपनीचं घेतलं ते सांगणार नाही. मॉडेल सांगितलं की कुणाकडे काय आहे आणि ते कसं उघडायचं, याची निम्मी माहिती आयती मिळते. अशा डब्या बनवणाऱ्या लेजर या नावाजलेल्या कंपनीच्या ग्राहकांची यादी २०२० मध्ये फुटली होती. सुमारे २ लाख ७० हजार लोकांची नावं, घरचे पत्ते आणि फोन नंबर बाहेर आले, आणि पुढे त्यातल्या काहींच्या घरी हुबेहूब दिसणारी बनावट यंत्रं पोस्टाने येऊन पडली. म्हणून मी माझी डबी थेट कंपनीच्या साइटवरून मागवली आणि पत्ता ऑफिसचा दिला. दोन बटणं, अंगठ्याच्या नखाएवढा स्क्रीन, टाइप-सी केबल, सुमारे नऊ हजार रुपये. एवढं पुरे.

मी लोटे एमआयडीसीत मेंटेनन्सला आहे, राहतो चिपळूणला. २०२१ पासून थोडं थोडं बिटकॉइन घेत गेलो आणि ते सगळं एका एक्स्चेंजवर, म्हणजे क्रिप्टो खरेदी-विक्रीच्या ॲपवर, पडून होतं. १८ जुलै २०२४ ला वझीरएक्स या एक्स्चेंजवरून सुमारे २३ कोटी डॉलर चोरीला गेले, म्हणजे जवळजवळ दोन हजार कोटी रुपये, आणि लोकांचे पैसे काढणंच बंद झालं. माझे तिथे नव्हते. पण ॲपमध्ये दिसणारा आकडा आणि आपल्या हातातला पैसा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्या आठवड्यात डोक्यात गेलं. सप्टेंबरात डबी आली.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: डबीत बिटकॉइन नसतं. ते ब्लॉकचेनवरच्या, म्हणजे इंटरनेटवरच्या सामाईक वहीतल्या, नोंदीत असतं, डबीत असते ती सही करायची किल्ली. साहेबांचा शिक्का केबिनमध्ये कुलपात आहे, कागद खिडकीतून आत जातो आणि शिक्का मारून बाहेर येतो, शिक्का स्वतः कधीच बाहेर येत नाही, असं समजा. लॅपटॉपमध्ये कितीही व्हायरस असोत, किल्ली लॅपटॉपवर येतच नाही. पहिल्या दिवशी डबी स्वतःच २४ इंग्रजी शब्द तयार करून दाखवते. डबी हरवली, जळली, तरी नव्या डबीत तेच शब्द त्याच क्रमाने टाकले की सगळं परत मिळतं. आणि ते शब्द दुसऱ्या कुणाला मिळाले, तर त्याला डबीची गरजच नाही.

डबीचा खरा कस पाचव्या महिन्यात लागला.

भाचा सुट्टीला आला होता. माझ्या लॅपटॉपवर त्याने कुठलासा गेम क्रॅक करून टाकला, मला न सांगता. त्यानंतर आठवडाभराने मी एक्स्चेंजवरून उरलेलं बिटकॉइन डबीच्या पत्त्यावर घेत होतो (हा पत्ता म्हणजे खाते क्रमांकासारखी अक्षरांची आणि आकड्यांची माळ). वॉलेटच्या ॲपमधून माझा पत्ता कॉपी केला, एक्स्चेंजच्या चौकटीत पेस्ट केला. सुरुवात तीच, बी-सी-१-क्यू. मी ओटीपी टाकणारच होतो. पण डबी माझा खरा पत्ता आपल्या स्क्रीनवरही दाखवते, आणि नवीन असल्याच्या उत्साहात मी अजून तो वाचत होतो. शेवटची चार अक्षरं जुळेनात. पुन्हा कॉपी, पुन्हा पेस्ट, पुन्हा तोच परका पत्ता.

हा क्लिपबोर्डवर बसणारा व्हायरस. तो बाकी काही करत नाही, लॅपटॉप हळू होत नाही, जाहिराती येत नाहीत. कॉपी केलेल्या मजकुरात क्रिप्टोचा पत्ता दिसला की त्या जागी चोराचा पत्ता ठेवून देतो. ४२ अक्षरांचा पत्ता कोण वाचतो, या एका भरवशावर त्याचं पोट चालतं. (हा पत्ता बनवताना इंग्रजी बी, आय, ओ ही अक्षरं आणि १ हा आकडा सुरुवातीच्या बी-सी-१ नंतरच्या भागात मुद्दाम वगळलेले आहेत, डोळ्यांची गल्लत होऊ नये म्हणून. मग आपण वाचायलाच का आळस करावा?)

आता या प्रसंगात डबीने मला वाचवलं का? मला विचाराल तर अर्धंच. लॅपटॉपवरच्या साध्या वॉलेटमध्ये किल्ली असती, तर भाच्याच्या गेमसोबत आणखी काय काय आलं असतं कोण जाणे. ती किल्ली सुरक्षित राहिली, हे डबीचं श्रेय. पण आपल्याकडे येणारे पैसे चुकीच्या पत्त्यावर निघाले, तर डबीला त्याचा पत्ताही लागत नाही. तिने फक्त खरा पत्ता दाखवला. बघायचं काम माझं होतं, आणि मी बघितलं ते निव्वळ नव्याच्या नवलाईने. लॅपटॉपला त्याच रात्री फॉरमॅट मारला. भाच्याला काही बोललो नाही, ताईला बोललो.

त्याच फेब्रुवारीत, २०२५ च्या, बायबिट या परदेशी एक्स्चेंजवरून सुमारे १५० कोटी डॉलरचं इथेरियम, हे बिटकॉइनसारखंच दुसरं चलन, चोरीला गेलं. एफबीआयने उत्तर कोरियाकडे बोट दाखवलं. तिथे सह्या करणारे लोक हार्डवेअर वॉलेटच वापरत होते. संगणकाच्या पडद्यावर त्यांना नेहमीचा व्यवहार दिसत होता, डबीकडे मात्र गेला होता भलताच, आणि डबीच्या स्क्रीनवर जे उमटलं ते माणसाला वाचता येण्यासारखं नव्हतं. सवयीने सही झाली. मला तेव्हापासून एक खोड लागली आहे: डबीच्या स्क्रीनवर जे समजत नाही त्याला नकाराचं बटण. साधं बिटकॉइन पाठवताना ही अडचण येत नाही, पत्ता आणि रक्कम सरळ दिसते. ज्यांना स्मार्ट काँट्रॅक्टमध्ये, म्हणजे ब्लॉकचेनवर आपोआप चालणाऱ्या करारांमध्ये, खेळायचंय त्यांनी त्यासाठी वेगळं वॉलेट ठेवावं आणि त्यात मोजकेच पैसे ठेवावेत.

तक्रारीही आहेत. बटणं दगडासारखी कडक. सोबत आलेली केबल तिसऱ्या महिन्यात सैल झाली आणि फर्मवेअरचं, म्हणजे डबीच्या आतल्या सॉफ्टवेअरचं, अपडेट मध्येच तुटलं. दुसरी केबल लावून पूर्ण झालं, पण ती वीस मिनिटं शब्द जवळ आहेत ना, हे तीनदा तपासलं. सपोर्टला मेल केला, उत्तर नऊ दिवसांनी. त्याच्या आधी दुसऱ्याच दिवशी मात्र ‘सपोर्ट टीम’कडून एक मेल आला होता: खातं तपासायचं आहे, या लिंकवर २४ शब्द भरा. चोरांची सेवा कंपनीपेक्षा तत्पर. ते शब्द डबीशिवाय कुठेही टाइप करायचे नसतात. ना साइटवर, ना मोबाइलवर. आणि फोटो तर नाहीच. आमच्याच प्लांटमधल्या एकाने शब्दांचा फोटो काढून व्हॉट्सॲपवर स्वतःलाच पाठवून ठेवला होता. त्याला मी कॅस्परस्की या अँटीव्हायरस कंपनीची फेब्रुवारी २०२५ ची बातमी वाचायला दिली: स्पार्ककॅट नावाचा व्हायरस गूगल प्ले आणि ॲपलच्या ॲप स्टोअरवरच्या ॲपमध्ये सापडला, तो गॅलरीतल्या फोटोंमधला मजकूर वाचून हेच शब्द शोधत होता. त्याने फोटो डिलीट केला. मी म्हटलं, डिलीट पुरत नाही, नवे शब्द तयार कर आणि पैसे तिकडे हलव.

मग हे शब्द ठेवायचे कसे? कंपनी एक जाड कार्ड देते, त्यावर पेनने लिहा म्हणते. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं, तेव्हा आमचा तळमजला गेला. घराची कागदपत्रं प्लास्टिकच्या पिशवीत होती, तरी लगदा झाला. त्यामुळे कार्ड हा पर्याय आमच्याकडे नाही. मी वर्कशॉपमध्ये व्हॉल्व्हला लावतात तसे स्टेनलेस स्टीलचे २४ गोल टॅग घेतले (पैसे भरून, स्टोअरच्या पावतीसकट), अक्षरांचे पंच आणि हातोडी घेतली आणि दोन रविवार ठोकत बसलो. भांड्यांवर नावं घालणाऱ्याकडे हे काम देता येत नाही, हे वेगळं सांगायला नको. पूर्ण शब्द कोरायची गरज नाही. यादीत २०४८ शब्द आहेत आणि पहिल्या चार अक्षरांवरून प्रत्येक शब्द ओळखता येतो. टॅगच्या पुढच्या बाजूला चार अक्षरं, मागे क्रमांक.

बारा शब्द एका घरी आणि बारा दुसऱ्या घरी, असा सल्ला बरेच जण देतात. मला तो पटत नाही. एक भाग हरवला की दोन्ही गेले. शब्दांवर आणखी एक गुप्त शब्द लावायची सोयही आहे. मी लावला नाही, कारण तो फक्त माझ्या डोक्यात राहील आणि मी रोज मुंबई-गोवा हायवेने जातो-येतो.

बँकेच्या एफडीला नॉमिनी लावता येतो, इथे तसं काही नाही. टॅग कुठे आहेत ते बायकोला माहीत असणं, हेच नॉमिनेशन. तिच्यासाठी दोन पानी पत्र लिहिलंय, मराठीत, कुणाला फोन करायचा नाही याच्या यादीसकट. खरेदीच्या तारखा आणि भावही त्यात आहेत, कारण विकताना नफ्यावर ३० टक्के कर भरायचा तर मूळ किंमत दाखवावी लागेल.

पत्र चालतं का हे बघायला गणपतीच्या सुट्टीत मी डबी पूर्ण पुसली, टॅगची पिशवी आणि पत्र तिच्या हातात दिलं आणि ओटीवर जाऊन बसलो. पैसे डबीत नसतात हे पक्कं माहीत असूनही पोटात गोळा होताच. तिने टॅग जेवणाच्या टेबलावर ओळीने मांडले. दोन बटणांनी २४ शब्द भरायला तिला चाळीस मिनिटं लागली, आणि शेवटी डबी म्हणाली, शब्द चुकीचे आहेत. (शब्दांमध्येच एक पडताळणी दडलेली असते, क्रम चुकला तरी बहुतेक वेळा पकडला जातो.) मला घाम फुटला. आतून तिचा आवाज आला, “अहो, हा सहा आहे की नऊ?”

पंचाच्या संचात सहा आणि नऊला एकच पंच असतो, उलटा धरला की नऊ. मागच्या बाजूला नुसता आकडा, टॅग गोल, भोक मी वाटेल तिथे पाडलेलं. तिने दोन टॅगांची अदलाबदल केली, पुन्हा चाळीस मिनिटं बटणं दाबली आणि बाकी रक्कम स्क्रीनवर आली. सोमवारी वर्कशॉपमध्ये जाऊन दोन्ही आकड्यांखाली एकेक टिंब ठोकलं.